देवाच्या नावाने तालीम

मराठी रंगभूमीच्या इतिहासात १९३३ हे साल ठळक छापलेलं असतं. १ जुलैला मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ लावलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक त्यात उभ्या राहिल्या आणि ‘कुलीन’ घरांतल्या बायकांना रंगमंच खुला झाला, असं आपण वाचत आलो. मुंबईपुरतं ते खरंही असेल. सांगलीच्या गावभागातल्या वाड्यांचे दिंडीदरवाजे मात्र त्या दिवशी उघडले नाहीत. ते उघडायला आणखी वीसेक वर्षं गेली, आणि उघडले ते गणपतीच्या नावाने.

माझी आई १९५२ साली लग्न होऊन सांगलीत आली. वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. सौद्याच्या दिवसांत घरी येत तेव्हा धोतराच्या काठापर्यंत पिवळे झालेले असत. सासर सोवळ्याओवळ्याचं, आणि गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवणारं. म्हणवून घ्यायला आधारही होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं. देवलांचं बालपण जवळच्याच हरिपुरातलं, खाडिलकर तर सांगलीचेच. पण भाव्यांच्या खेळात मोरावर बसून येणारी सरस्वतीसुद्धा पुरुषच नाचवायचा. या पंढरीत बायकांनी प्रेक्षकांत बसायचं, तेही एका बाजूला.

गंमत अशी, की भाव्यांचं नाटक सुरू व्हायचं गणपतीच्या स्तवनाने आणि त्यात घडायचं ते रामायण. म्हणजे नाटक देवाच्या अंगणातून आलेलं. आईने ते पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं, एवढंच.

आईची भक्ती दाखवण्यासाठी नव्हती, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं लबाडी वाटेल. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसे. श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वराला चालत जाई, वाटेत कोणी टांगा थांबवला तरी बसत नसे. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी नाटुकलं बसवायचं ठरवलं, तेव्हा तालमीची जागा तिनेच सुचवली. देवळाचा सभामंडप. “देवळात जाऊन येते,” असं सांगितल्यावर कुठली सासू अडवणार? आधी अथर्वशीर्षाची आवर्तनं व्हायची आणि मग नकला बाहेर निघायच्या. नक्कल म्हणजे आपल्या वाट्याची भाषणं उतरवून घेतलेली वही. आईची वही पोथीच्या लाल फडक्यात असे.

त्या काळी संमेलनांसाठी नाटकं निवडताना दोन शिक्के बघत: ‘स्त्रीपात्रविरहित’ आणि ‘पुरुषपात्रविरहित’. पहिल्या प्रकारात शौर्य, देशभक्ती, वसतिगृहातल्या फजित्या. दुसऱ्यात बहुधा भिशी, मोलकरीण आणि विहिणीविहिणींची भांडणं. आई या दुसऱ्या प्रकाराला लवकर कंटाळली. मिशी लावायला मिळत नाही ते कसलं नाटक, असं तिचं मत.

मग या बायकांच्या मंडळाने ‘पुरुषांचे बंड’ काढलं. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘बायकांचे बंड’ लिहून स्त्रीराज्याची टर उडवली होती. त्याला १९१३ साली हे उत्तर दिलं गिरिजाबाई केळकरांनी. न. चिं. केळकरांच्या घराण्यातली ही सून, संसार जळगावात, तिथल्या भगिनी मंडळाचा कारभार बघणारी. १९२८ मध्ये मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेली पहिली बाई. आज नाट्यशास्त्राच्या मुलांनाही त्यांचं नाव आठवावं लागतं, आणि त्यांनी आधी ‘गृहिणीभूषण’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं म्हणून पुढचे वाचक त्यांना बाजूला सारतात. मला तो अन्याय वाटतो. गृहिणीपणाची पाटी दारावर लावली, की आत काय लिहिता ते कोणी तपासत नाही, हे त्या ओळखून असाव्यात. खाडिलकरांच्या गावात त्यांना दिलेलं उत्तर बायकांनी मिशा लावून म्हणायचं, याचा आईला फार आनंद झाला होता.

खरी कसोटी पुढच्या नवरात्रात लागली. देवलांच्या ‘शारदे’तले निवडक प्रवेश बसवायचे ठरले. आईकडे भद्रेश्वर दीक्षित, म्हणजे म्हाताऱ्याचं लग्न जुळवणारा मध्यस्थ. भुजंगनाथाचं, म्हणजे त्या म्हाताऱ्याचं, काम शेजारच्या काकूंकडे. त्या कमरेत वाकून, काठी टेकत, खोकत चालायच्या आणि मुलं हसायची. एका संध्याकाळी आजी, म्हणजे आईची सासू, कीर्तन आहे समजून देवळात आली आणि खांबाशी बसली. आता वीज पडणार म्हणून सगळ्या गप्प झाल्या. आजी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, म्हातारा नवरा असा वाकून चालत नाही. लग्नाला उभा राहिलेला म्हातारा ताठ चालतो. खोकला आला तर गिळतो.”

आजी बिजवराला दिलेली होती. अकराव्या वर्षी. ‘शारदा’ १८९९ चं, आजी त्यानंतर जन्मलेली. म्हणजे अवघा महाराष्ट्र ते नाटक बघून हळहळून घरी गेला आणि पुढेही मुली तशाच दिल्या गेल्या. नाटकाने समाज बदलतो म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरा ध्यानात ठेवावी. काकूंनी चाल बदलली. प्रयोगाला भुजंगनाथ ताठ आला, आणि कोणी हसलं नाही.

त्यानंतर आजीने तालमीला कधी अडवलं नाही, पण सोवळं सोडलं असंही नाही. कावळा शिवलेल्या बाईने देवळात यायचं नाही हा नियम कायम होता, आणि मंडळात पंधरा-वीस जणी. दर आठवड्याला कोणी ना कोणी बाजूला बसलेली. त्यामुळे प्रत्येकीने दोन दोन कामं पाठ करायची पद्धत पडली. व्यावसायिक कंपन्यांना जमलं नसतं इतकं चोख पाठांतर या शिवाशिवीने घडवलं. आईला अख्ख्या नाटकाची भाषणं येत आणि ऐन वेळी ती कुठल्याही भूमिकेत उभी राहू शके. नियम चांगला होता असं मी म्हणत नाही. त्याचा उपयोग करून घेतला, एवढंच.

१९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी संस्थांना एकदम बायका हव्या झाल्या. तोवर ही माणसं स्त्रीपार्टी पुरुषांवर किंवा कोल्हापूर-मुंबईहून ‘नाईट’ ठरवून येणाऱ्या नट्यांवर भागवत होती. नाईट म्हणजे एका प्रयोगाची बिदागी, गाडीखर्च वेगळा. घरची बाई मिळाली तर तो पैसा वाचतो, हे हौशी संस्थांच्या पुरोगामीपणाचं एक कारण कुठल्याच स्मरणिकेत छापलेलं नाही. अशाच एका संस्थेची मंडळी वडिलांकडे विचारायला आली तेव्हा ते म्हणाले, तिलाच विचारा. आईने अटी घातल्या: चतुर्थीला तालीम नाही, मुलं निजल्यावरच बोलवायचं, आणि काम आईचं किंवा सासूचं असलं तरी त्यात चार भाषणं तरी जीव असलेली हवीत.

आईने मग ज्या नाटकात काम केलं, त्यात नायिका कोल्हापूरची होती, नाईटवर आलेली. अंबाबाईला नारळ ठेवल्याशिवाय गाडीत न बसणारी, शुक्रवार करणारी. कपाळावरच्या रेषा रंगवताना त्या आधी आठ्या घालून बघायच्या, हे आई तिच्याकडून शिकली. आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा तेही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिला चहाला घरी आणलं. आजीने चहा दिला, पोहे दिले, चौकशी केली. निघताना शेजारच्या दोघींना हळदीकुंकू लावलं आणि करंडा बंद केला.

‘कुलीन’ हा शब्द वाचला की मला तो करंडा दिसतो. ज्या बाईमुळे नाटक उभं होतं, तिची ओटी भरायची सोय आमच्या घरच्या धर्मात नव्हती. आई आजीला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रंगपटात स्पिरिट गम, सफेदा, लालीच्या डब्या मांडलेल्या होत्या, त्यांत तिने घरचा करंडा ठेवला. नारळ वाढवून झाल्यावर त्या नटीला कुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली, आणि वयाने लहान असूनही नटी म्हणून ती मोठी, म्हणून वाकून नमस्कार केला. तिसरी घंटा झाली होती, दिग्दर्शक विंगेतून खुणा करत होता. आई त्याला म्हणाली, “थांबा हो, देवाचं चाललंय.”