हृदयरोहिणीतील प्रवाहमापन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी (बोलण्यात ‘नस’) अरुंद झाल्यामुळे रक्तपुरवठा खरोखर किती घटला, हे दाब मोजून ठरवण्याची पद्धत. रुग्णालयात तिला ‘एफएफआर’ म्हणतात. अँजिओग्राफीनंतर नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगतात तो ‘सत्तर टक्के ब्लॉक’ बहुधा नजरेचा अंदाज असतो. नस किती चिंबली ते त्यातून कळते. पलीकडे रक्त पुरते की नाही, ते कळत नाही.

निको पेल्स आणि बर्नार्ड डी ब्रॉयन यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत घडवली. टोकाजवळ दाबमापक असलेली ०.०१४ इंच जाडीची तार आधी कॅथेटरच्या तोंडाशी धरतात. पडद्यावरच्या कॅथेटर आणि तार यांच्या दाबाच्या दोन्ही लाटा एकमेकींवर बसल्या की तार ब्लॉकपलीकडे सरकवतात. मग ॲडिनोसिन देऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या पूर्ण सैल करतात. रुग्णाची छाती क्षणभर जड होते, धाप लागते; हे आधी सांगितलेले बरे. तोवर पडद्यावरची तारेची लाट खाली उतरू लागते. महारोहिणीत दाब १०० आणि ब्लॉकपलीकडे ७४ असेल, तर एफएफआर ७४ भागिले १००, म्हणजे ०.७४. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला की स्टेंटचा विचार होतो. वर असेल तर सहसा औषधांवर भागते.

‘फेम’ चाचणीत (२००९, १,००५ रुग्ण) नजरेला ५० ते ७० टक्के वाटलेल्या ब्लॉकांपैकी जेमतेम ३५ टक्केच मोजणीत अडथळा ठरले. मोजून उपचार केलेल्या गटात स्टेंट कमी लागले, आणि वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया-अँजिओप्लास्टी यांचे एकत्रित प्रमाण नजरेच्या अंदाजावर उपचार केलेल्या गटातील १८.३ ऐवजी १३.२ टक्के राहिले.

तार न घालता, किरणोत्सारी द्रव्याने स्नायूचे चित्र काढून याच प्रश्नाला हात घालणारी जुनी तपासणी म्हणजे ‘स्ट्रेस थॅलियम’. तिचा धागा मुंबईत पोहोचतो: आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने परळला १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले, आणि देशातील अणुवैद्यकाची घडी तिथे बसली. नाव थॅलियमचे राहिले असले, तरी आता बहुधा टेक्नेशियम-९९एम वापरतात; त्याचा अर्धायुकाल सहा तास. स्नायूचा कोणता भाग श्रमात उपाशी राहतो ते चित्रात दिसते. हृदयाच्या तीन मुख्य नसांपैकी नेमकी कोणती दोषी, हे मात्र तारच अधिक ठामपणे सांगते.

झटका चालू असताना बंद पडलेल्या नसेत ही मोजणी करत बसत नाहीत. ती नस आधी उघडतात.