होकायंत्राची सुई आणि विजेची ट्राम

टँजंट गॅल्व्हॅनोमीटरची सुई दोघांच्या ओढाताणीत असते. वेटोळ्यातला विद्युतप्रवाह तिला एका दिशेला वळवतो, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक तिला उत्तरेकडे धरून ठेवतो. विचलनकोनावरून प्रवाह काढताना हा घटक गुणकात येतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. लंडनला तो साधारण १९ ते २० मायक्रोटेस्ला आहे, चेन्नईला सुमारे ४०. लंडनमध्ये ४५ अंश विचलन देणारा प्रवाह अण्णा नगरातल्या प्रयोगशाळेत जेमतेम २६ अंश देईल. लंडनचा गुणक तसाच वापरला, तर उत्तर निम्मे येईल.

हा घटक त्या त्या गावी मोजायचे काम वेधशाळांचे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौर वादळामुळे हा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळपास चार टक्क्यांनी, घसरल्याची नोंद आहे. त्या वेळी कोणी कुलाब्यात गॅल्व्हॅनोमीटर लावून बसले असते, तर उपकरण जागचे न हलवताही उत्तर तेवढेच चुकले असते.

पुढे संकट जमिनीवरून आले. मद्रासमध्ये १८९५ साली देशातली पहिली विजेची ट्राम धावली. मुंबईतही घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे ठरू लागले. अशा ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून परततो, पण काही भाग जमिनीत झिरपतो. त्याचे क्षेत्र आपल्याला जाणवत नाही. नॅनोटेस्ला मोजणाऱ्या सुईला मात्र ते पुरेसे असते.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ट्राम येण्याची वाट पाहिली नाही. खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली गेली, बांधकामात लोखंड टाळून, पोरबंदरचा दगड वापरून. ती १९०४ मध्ये सुरू झाली. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची दोन वर्षे. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, म्हणून दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी नोंदमालिका नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.