बूटपॉलिशची चार मिनिटं

सर्व्हिस डिझाइनचा, म्हणजे सेवेची आखणी करण्याच्या आमच्या कामाचा, उगम विचारला की आम्हा सर्व्हिस डिझायनरांतले बरेच जण लंडनच्या एखाद्या स्टुडिओचं नाव घेतात. मी लिन शोस्टॅक बाईंचं घेते. बाई डिझायनर नव्हत्याच. न्यूयॉर्कच्या बँकांमध्ये वरच्या हुद्द्यावर होत्या. साबण विकायचे आडाखे बँकेच्या सेवेला चालत नाहीत, असं त्यांनी १९७७ मध्येच लिहिलं होतं. १९८४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्यांनी सेवेचा नकाशा मांडून दाखवला, आणि उदाहरण घेतलं कोपऱ्यावरच्या बूटपॉलिशवाल्याचं. बँकेतल्या बाईला हे सुचावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

नकाशा साधा आहे. ब्रश मारायला ३० सेकंद, पॉलिश लावायला ३०, चमकवायला ४५, पैसे घ्यायला १५. झाली दोन मिनिटं. चुकीच्या रंगाचं पॉलिश लागलं तर काय, तीही जागा खूण करून दाखवलेली. खाली एक आडवी रेघ. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसतं ते. खाली पॉलिशची खरेदी वगैरे, जे त्याला कधीच दिसत नाही.

पण खरी गंमत हिशेबात आहे. दर ५० सेंट. गिऱ्हाईक पाच मिनिटांपर्यंत कुरकुर करत नाही, पण पॉलिशवाला चौथ्या मिनिटालाच तोट्यात जातो. म्हणजे गिऱ्हाईक खूश आणि धंदा बुडीत, असं एक अख्खं मिनिट त्या कागदावर दिसतं. ते मिनिट कुठून वाचवायचं, की दर वाढवायचा, हा मालकाचा प्रश्न. ब्रश कसा मारायचा, हा कामगाराचा. दोन्ही एकाच कागदावर आले, आणि माझ्या मते आमचा धंदा तिथे जन्मला.

पुढचं भराभर सांगते. डिझायनर मंडळी नंतर आली. जर्मनीत कोलोनच्या डिझाइन शाळेत १९९५ मध्ये बिर्गिट मागर सर्व्हिस डिझाइनच्या प्राध्यापक झाल्या. २००१ मध्ये लंडनमध्ये ‘लाइव्हवर्क’ हा सर्व्हिस डिझाइन स्टुडिओ निघाला. २००५ साली बँक ऑफ अमेरिकेने ‘कीप द चेंज’ आणलं. आयडिओ या डिझाइन कंपनीच्या लोकांना दिसलं होतं की काही बायका हिशेब लिहिताना रक्कम वरच्या डॉलरला पूर्ण करतात, सोपं पडतं म्हणून. बँकेने तेच केलं: डेबिट कार्डावरची खरेदी वरच्या डॉलरला न्यायची आणि मधली चिल्लर बचत खात्यात टाकायची. कल्पनेला टाळ्या मिळाल्या. मला मात्र रेघेखालचं दिसतं: रोजच्या चिल्लरची बेरीज करून दोन खात्यांत नोंद, आणि माल परत केला तर चिल्लरचं काय, हा काउंटरवर येणारा प्रश्न.

आपल्याकडे मात्र सर्व्हिस डिझाइनच्या प्रकल्पांत धोरण एका मजल्यावर ठरतं आणि अंमलबजावणी दुसऱ्यावर ढकलली जाते. एका सहकारी बँकेत पासबुकाच्या रांगेवर उपाय म्हणून अ‍ॅप काढायचं ठरलं होतं. आम्ही भिंतीवर नकाशा लावला तेव्हा शिपाई म्हणाला, ‘‘मॅडम, प्रिंटर एकच आहे, आणि तो लोन डिपार्टमेंटच्या टेबलावर. अ‍ॅप काय करणार?’’ संचालक हसले. मी रेघेखाली प्रिंटर काढला आणि अ‍ॅपचं बजेट पुढच्या बैठकीवर ढकलायला लावलं. तेव्हापासून पहिल्याच बैठकीला शिपाई आणि रोखपाल हवेत, ही माझी अट असते. काही ठिकाणी त्यापायीच काम हातचं जातं.