कांद्याचं अनुदान आणि सातबाऱ्यावरचा एक रकाना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की कांद्याचं अनुदान नक्की कोणाला मिळतं? मी कळवणचा. पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. उत्तर घरातच होतं, पण थोडं मागून सांगावं लागेल.

भाव पडला की सरकार क्विंटलमागे काहीतरी देतं, ही पद्धत आपल्याकडे तशी अलीकडची. २०१६ मध्ये जुलै-ऑगस्टला विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे १०० रुपये दिले. २०१८ च्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलोचे १,०६४ रुपये आले आणि ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले, आठवतंय? त्या वेळी २०० रुपये जाहीर झाले. दोन्ही वेळा मर्यादा २०० क्विंटलची.

मग आलं २०२३. फेब्रुवारीत लाल कांदा पाचशे-सहाशे रुपये क्विंटल. मार्चमध्ये दिंडोरीहून लाँग मार्च निघाला. सरकारने आधी ३०० जाहीर केले, मग ३५०. अटी दोन महत्त्वाच्या: कांदा १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेला हवा, आणि सातबाऱ्यावर लेट खरीप लाल कांद्याची नोंद हवी.

खरी गोची इथेच. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणतं. बारा वर्षानुवर्षं तलाठी लिहायचे, बऱ्याचदा अंदाजाने, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून फोटो काढायचा. ज्या रकान्याकडे कोणी बघत नव्हतं, तो एकदम मॅण्डेटरी फील्ड झाला! आमच्या धंद्यात असा बदल जुना डेटा न तपासता केला, तर टेस्टर आपल्याला जेवू देणार नाही.

आमच्या वडिलांनी ९२ क्विंटल विकला होता. बाजार समितीच्या पट्ट्या पिशवीत नीट ठेवलेल्या. पण मळ्यात रेंज नाही, म्हणून पाहणी राहिलेली. सातबाऱ्यावर मका. ३२,२०० रुपयांचा प्रश्न. मी फोनवर चिडलो, "ॲप मी टाकून दिलं होतं ना?" ते म्हणाले, "टाकून दिलं, पण टॉवर टाकून दिला का?" यावर काय बोलणार!

ओरड सगळीकडेच झाली. शेवटी नोंद नसलेल्यांसाठी गावपातळीवरच्या समितीचा अहवाल चालेल, असं ठरलं. सप्टेंबरमध्ये पहिले दहा हजार आले, बाकीचे हप्त्यांनी. कांदा खपून सहा महिने झाले होते. दरम्यान खताची उधारी व्याजासकट फिटली होती, माझ्या पगारातून.

पण समितीसुद्धा बघणार सातबाराच. आणि कळवण-सुरगाण्यात कितीतरी आदिवासी कुटुंबं वनजमीन कसतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या लाँग मार्चची मोठी मागणीच ही होती, की २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसतो ती जमीन नावावर करा. तेव्हा टीव्हीवर सोललेले पाय दिसले. सातबारा हा शब्द त्या पायांशी जोडलेला आहे, हे मला पाच वर्षांनी कळलं.

आमच्या मळ्यापलीकडे फॉरेस्ट प्लॉटवर एक काका कांदा करतात. त्याच आठवड्यात, त्याच भावात त्यांनीही विकला होता. पट्टी होती. मी म्हटलं, "काका, फॉर्म भरून देतो." त्यांनी विचारलं, "गट नंबर काय टाकशील?"

फॉर्म तिथेच राहिला.