शांत संगीताचा गोंगाटी इतिहास

1773 च्या सप्टेंबरात इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या रासे बेटावर पाहुणा म्हणून उतरला होता. तिथे काही बायका जमिनीवर गुडघे टेकून नवं लोकरी कापड दोन्ही हातांनी रगडत होत्या आणि रगडताना गात होत्या. गाणं चालू असतानाच जॉन्सन त्यांना प्रश्न विचारत सुटला. सोबतच्या जेम्स बॉस्वेलने रोजनिशीत लिहिलंय की बायकांचा तो रानटी कोलाहल चालू असूनही जॉन्सनचा आवाज वरच्या खोलीपर्यंत पोचत होता.

वर्षभर आधी थॉमस पेनंट या प्रवाशाने त्याच हेब्रिडीज बेटांवर हेच काम पाहिलं होतं. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बारा-चौदा बायका बसलेल्या. आधी हातांनी कापड मळायचं, हात दमले की पायांनी. गाण्याचा जोर इतका वाढत गेला की पेनंटला त्या झपाटलेल्याच वाटल्या.

आता फोनवर 'सेल्टिक म्युझिक' शोधून बघा. धुक्यातले डोंगर, हळुवार बासरी, मागे पावसाचा आवाज. झोपेसाठी, अभ्यासासाठी, 'स्ट्रेस रिलीफ'साठी तीन-तीन तासांचे व्हिडिओ. मी कोड लिहिताना हे खूप ऐकते. पण बॉस्वेलचा कोलाहल आणि माझ्या हेडफोनमधलं हे धुकं, दोन्ही 'सेल्टिक'च. मधल्या काळात काय झालं?

सुरुवात कापडापासून करू. मागावरून उतरलेलं ट्वीड सैल आणि तेलकट असतं. ते घट्ट आणि ऊबदार व्हायचं तर भिजवून आपटावं लागतं. भिजवायला वापरायचे शिळं मूत्र, घराघरांतून साठवलेलं. त्यातल्या अमोनियाने तेल निघतं आणि रंग पक्का व्हायला मदत होते. मग ओलं, जड, उग्र वासाचं कापड फळीवर आपटत आपटत एकीने दुसरीकडे सरकवायचं. दिशा ठरलेली: सूर्य जातो तशी, आपल्या प्रदक्षिणेसारखी. या कामाला स्कॉटिश गेलिक भाषेत 'लुआ' म्हणतात आणि त्या गाण्यांना 'ओरान लुआय'.

एक बाई ओळ म्हणायची, बाकीच्या ध्रुपद उचलायच्या. ध्रुपदात बरेचदा अर्थ नसलेली अक्षरं असायची, पण ती ठरलेली. अक्षरं ऐकली की कुठलं गाणं ते कळायचं. कापड किती आटलं हे बोटाने मोजायचं, आणि अजून किती काम उरलंय ते मिनिटांत नाही, गाण्यांत सांगायचं. एका बैठकीत एकच गाणं दोनदा म्हणणं अशुभ, म्हणून खूप गाणी पाठ असावी लागत. शेवटी काम हलकं झालं की चेष्टेची गाणी. त्यात एखाद्या मुलीचं नाव गावातल्या पोराशी जोडून तिला लाजवायचं.

पण मधली गाणी सगळी हलकी नव्हती. 1788 मध्ये अॅलन मॉरिसन नावाचा जहाजाचा कप्तान साखरपुड्यासाठी स्कॅल्पे बेटाकडे निघाला आणि वादळात बुडाला. त्याची वाट पाहणाऱ्या अॅनी कॅम्पबेलने रचलेला विलाप 'आलेन दूइन' या नावाने ओळखला जातो. 'रॉब रॉय' या 1995 च्या सिनेमात तो ऐकून अनेकांच्या अंगावर काटा आला. हाच विलाप बायका कापड आपटतानाही म्हणत. म्हणजे एका बाईचं दुःख दहा जणी ताल धरून उचलत होत्या. ज्यांचा कुणी समुद्रात गेला होता, त्यांना वेगळं रडायला बसायची गरज नव्हती. काम चालू असायचं आणि रडणंही त्यातच व्हायचं.

फळीवरचं गाणं ऐकून पेनंटला तिथल्याच जात्यावरचं गाणं आठवलं होतं. त्या बेटांवरच्या बायकाही दळताना गायच्या. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग धुकं आलं कुठून? त्यातलं बरंचसं दिवाणखान्यातून. मार्जरी केनेडी-फ्रेझर ही गायिका 1905 मध्ये एरिस्के बेटावर गेली, लोकांकडून गाणी मिळवली, आणि 1909 पासून 'साँग्ज ऑफ द हेब्रिडीज' या नावाने ती पियानोच्या साथीसह छापली. तिने मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रणंही केली, हे तिचं मोठं काम. पण मैफिलीत पोचेपर्यंत गाणी संथ आणि स्वप्नाळू झाली होती. आपटण्याचा आवाज गेला, वास गेला, आणि मुख्य म्हणजे उत्तर देणाऱ्या बायका गेल्या. खुर्चीत बसून ऐकणारे श्रोते तेवढे उरले.

उलट वाटेने गेली मार्गारेट फे शॉ. ही अमेरिकन तरुणी 1929 ते 1935 साउथ युइस्ट बेटावर पेगी आणि मारी मॅक्रे या दोन बहिणींच्या घरी राहिली. गाणी ऐकून उतरवली, आणि सोबत स्वयंपाक, औषधं, म्हणी, शेतीची कामंही. तिचं पुस्तक 1955 साली आलं. तोवर कापड गिरणीत आटवलं जाऊ लागलं होतं आणि हाताने करायचा लुआ जवळजवळ संपला होता.

ही गाणी मनाला बरं करतात का? करत असावीत, पण कशामुळे हे महत्त्वाचं. ऑक्सफर्डमध्ये 12 वल्हेपटूंवर एक प्रयोग झाला होता. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यावर आणि तालात एकत्र केल्यावर वेदना किती सहन होते हे मोजलं, तर एकत्र केल्यावर जास्त सहन झाली. 2015 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसं हस्तकलेच्या किंवा लेखनाच्या वर्गापेक्षा लवकर जवळ आली. लुआच्या फळीवर हे दोन्ही एकाच वेळी होत होतं.

माझ्या भाषेत सांगायचं तर ती फळी म्हणजे शून्य लेटन्सीचं नेटवर्क. समोरचीने कापड आपटलं की धक्का थेट तुमच्या तळव्यात. व्हिडिओ कॉलवर पाच जणांनी 'हॅपी बर्थडे' म्हणून पाहा. आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि तेवढ्याने सगळा ताल विस्कटतो. घरून काम करताना माझा दिवस म्यूट केलेल्या माइकमागे जातो. सेल्टिक प्लेलिस्ट तिथे माझ्या एकटेपणाला छान पार्श्वसंगीत देते, पण त्या बायकांना गाण्यातून जे मिळत होतं ते तिच्यात नाही.

आणखी एक गोष्ट हातून निसटतेय. 1891 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास होते, 2011 मध्ये सुमारे 57 हजार. 2020 च्या एका मोठ्या अभ्यासाने इशारा दिला की बेटांवरच्या रोजच्या व्यवहारातली गेलिक दहाएक वर्षांत कोसळू शकते. सूर जगभर झोपेसाठी वाजतोय आणि बेटांवर ती भाषा रोज बोलणारी माणसं कमी होतायत.

'टोबर अन दुआलखश' या संकेतस्थळावर जुनी ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. त्यातलं एखादं लुआचं गाणं काढा. बायकांचे थकलेले, खरखरीत, एकमेकींवर चढणारे आवाज ऐकू येतील. त्याने झोप बहुधा लागणार नाही. ध्रुपदाची अक्षरं मात्र दोन वेळा ऐकून जमतात, आणि भाकरीचं पीठ मळताना शेजारी कुणी असेल तर ओळ तुम्ही म्हणा, ध्रुपद त्यांना उचलू द्या.