फॉल स्ट्रीटवरचं चॅपल

साल १९७८ धरा. न्यूयॉर्क राज्यातलं सेनेका फॉल्स हे लहानसं गाव. एका हातात मळक्या कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या मुठीत चिल्लर घेऊन तुम्ही फॉल स्ट्रीटवरच्या लाँड्रीत शिरता. नाणं टाकलं की चालू होणारी यंत्रं ओळीने घरघरताहेत, साबणाच्या वाफेने काचा धुरकटल्या आहेत. तुम्ही कपडे आत टाकता आणि भिंतीला टेकून उभे राहता. या इमारतीत अजूनही १८४३ सालच्या विटा आहेत. वेस्लियन मेथडिस्ट मंडळीच्या चॅपलच्या त्या विटा.

आता मागे चला. लाँड्री विरते आणि तिथे फोर्ड मोटारींचं दुकान दिसतं. त्याआधी सिनेमागृह, त्याहीआधी चाकांच्या बुटांवरून घसरायचा रिंक, नाटकं आणि गाण्यांचं ऑपेरा हाउस. प्रत्येक मालकाने आपल्या धंद्यापुरती भिंत पाडली, दर्शनी बाजू बदलली. १९०८ मध्ये क्षणभर थांबा. हॅरिअट स्टँटन ब्लॅच या बाई भिंतीवर कांस्य फलक बसवायला आल्या आहेत. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या आईने इथे काय केलं, हे गावाने विसरू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. मंडळीने ही वास्तू १८७१ मध्येच विकली होती. तेही साल ओलांडा आणि १९ जुलै १८४८, बुधवारच्या सकाळी जमिनीवर पाय टेका.

उकाडा आहे. गवतकापणीचे दिवस, शेतावर माणूस हवा, तरी धुळीच्या रस्त्यांनी घोडागाड्या येतच आहेत. गाड्यांतून बहुतेक बायका उतरतात. त्यांतल्या कितीतरी क्वेकर पंथाच्या, साध्या पोशाखातल्या. स्त्रियांच्या सामाजिक, नागरी आणि धार्मिक स्थितीवर व हक्कांवर चर्चा होणार, एवढंच स्थानिक वर्तमानपत्राने छापलं होतं. शेजारच्या वॉटरलूहून शार्लट वुडवर्ड नावाची तरुण मुलगी आली आहे. ती हातमोजे शिवून पैसे मिळवते. तिचं नाव ध्यानात ठेवा.

चॅपलचं दार मात्र बंद आहे. आतून कडी. पुढे फलक बसवणाऱ्या हॅरिअट यांच्या आई, एलिझाबेथ केडी स्टँटन, पायरीवर उभ्या आहेत. वय ३२, घरात लहान मुलं. सोबतच्या बायकांच्या हातांत जाहीरनाम्याचा मसुदा, ठरावांचे कागद आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यांचे जाड खंड. तक्रार कशाबद्दल आहे ते कलमासकट दाखवायचं, अशी त्यांची तयारी. कुणीतरी एका मुलाला उचलून उघड्या खिडकीतून आत सोडतं. तो स्टँटनबाईंचा भाचा, पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक झाला. आत धप्प आवाज होतो, कडी सरकते, दार उघडतं. तुम्हीही त्या गर्दीबरोबर आत शिरा.

वास्तू साधी आहे, डोळे दिपवणारं काही नाही. लाकडी बाक, वर गॅलरी, उघड्या खिडक्यांतून येणारा नदीकाठच्या गिरण्यांचा आवाज. ही सभा इथेच का भरली, असं तुम्ही विचाराल. पाच वर्षांपूर्वी गुलामगिरीच्या प्रश्नावर या चॅपलच्या लोकांनी मूळ मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च सोडलं होतं. गुलाम बाळगणाऱ्यांबरोबर एका पंथात राहणार नाही, असं म्हणून १८४३ मध्ये युटिका इथे वेस्लियन मेथडिस्टांनी वेगळी चूल मांडली आणि त्याच वर्षी इथे हे चॅपल बांधलं. तेव्हापासून गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांना, सुधारणेचा विषय घेऊन येणाऱ्यांना इथे जागा मिळत आली. मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. भाषणं करणाऱ्यांची नावं इतिहासात राहिली; पण ज्या मंडळीने आपली उपासनेची जागा दुसऱ्यांच्या अडचणीच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवली, तिचे उपकार फारसे कुणी आठवत नाही.

पहिला दिवस फक्त स्त्रियांचा ठरला होता, तरी पुरुष आलेच. त्यांना बसू दिलं, फक्त त्या दिवशी तोंड उघडायचं नाही असं बजावून. जाहीरनामा वाचला जातो. त्याची घडण १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून घेतली आहे, पण जिथे तिथे इंग्लंडच्या राजाच्या जागी पुरुष आहे आणि समान जन्मलेल्यांत स्त्रियाही आहेत. मग तक्रारींची यादी: लग्न झालं की कायद्याच्या लेखी बाई मेलीच, तिची कमाई नवऱ्याची, महाविद्यालयांची दारं बंद, ज्या कायद्यांनी तिला बांधलं ते करताना तिला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी वाढते. दोन दिवसांत मिळून सुमारे ३०० माणसं. अध्यक्षाच्या खुर्चीवर जेम्स मॉट बसतात. एवढ्या धीट बायका, पण सभेचं अध्यक्षपद बाईने घ्यावं याची हिंमत त्यांनाही झालेली नाही. (दोनच आठवड्यांनी रॉचेस्टरच्या सभेत ॲबिगेल बुश ती खुर्ची घेतील, आणि स्टँटनबाईच आधी विरोध करतील. बदल असाच अडखळत येतो.) एकेक ठराव एकमताने पुढे सरकतो. मग नववा येतो: मताचा हक्क.

सभागृहात चुळबूळ सुरू होते. हा ठराव आणला तर हसं होईल, असं जेम्स यांच्या पत्नी ल्युक्रिशिया मॉट यांनी स्टँटनबाईंना आधीच सांगितलं होतं. स्टँटन यांचे पती हेन्री गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरणारे, तरी या मागणीपायी ते गाव सोडून गेले आहेत. ठराव पडणार असं दिसू लागतं तेव्हा तिशीतला एक कृष्णवर्णीय माणूस उभा राहतो. दहा वर्षांपूर्वी गुलामगिरीतून पळालेले हे फ्रेडरिक डग्लस आता रॉचेस्टरहून 'नॉर्थ स्टार' हे पत्र काढतात. ते सांगतात की जो हक्क मी माझ्यासाठी मागतो तो बाईला नाकारू शकत नाही. तुम्ही मागच्या बाकावरून हात मोजू पाहता. ठराव थोडक्या मतांनी तरतो. सगळ्या ठरावांत एकमत झालं नाही ते एवढ्या एकाच ठरावावर.

शेवटी सह्या होतात, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. शार्लटही सही करते. पुढच्या काही दिवसांत वर्तमानपत्रं इतकी थट्टा करतात की काहीजण आपली नावं मागे घेतात. वृत्तान्त डग्लस यांच्याच छापखान्यात छापला जातो. त्या छापील प्रती आज आहेत. हाताने लिहिलेला मूळ जाहीरनामा सापडलेला नाही.

त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा भरू लागली होती. दोन्ही घटनांत काही धागा नव्हता. पण पुढे चाळीस वर्षांनी तो जुळला. मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला तुम्ही ऑपेरा हाउसच्या गॅलरीत बसा. सेनेका फॉल्सच्या सभेला ४० वर्षं झाली म्हणून आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद भरली आहे. स्टँटनबाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, डग्लसही आले आहेत, आणि भारतातल्या स्त्रियांविषयी बोलायला पंडिता रमाबाई आहेत. रमाबाईंनी अमेरिकेचं वर्णन १८८९ च्या मराठी पुस्तकात केलं, तेव्हा अमेरिकन बायकांच्या या लढ्याला त्यात मानाची जागा मिळाली.

आता १९२० कडे या. घटनादुरुस्ती झाली, अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात असलेली शार्लट एकटी. आजारपणामुळे तिला मतदानाला जाता आलं नाही.

इमारतीचं नशीब त्याहून उशिरा पालटलं. १९८० मध्ये इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झालं, १९८५ मध्ये उद्यान सेवेने वास्तू विकत घेतली आणि नंतरचं बांधकाम सोलून काढलं. हाती आले भिंतींचे तुकडे आणि छताचा काही भाग. १९९३ मध्ये ते अवशेष उघड्या मंडपासारखे उभे ठेवले गेले. प्रामाणिक निर्णय होता, पण बर्फाच्या मुलखात चालणारा नव्हता. २०११ मध्ये भिंती पुऱ्या होऊन सभागृह पुन्हा उभं राहिलं. जुनी वीट कुठली आणि नवी कुठली, हे जवळ गेलं की ओळखू येतं. मला हे दुसरं रूप जास्त पटतं. सभेच्या जागेला छप्पर हवं, दार हवं, लोकांना बसता यायला हवं. आज तिथे बाक आहेत, कार्यक्रम होतात आणि जुलैमध्ये सभेच्या स्मरणार्थ गावात उत्सव भरतो.

न्यू जर्सीतली मराठी घरं पाहुणे आले की त्यांना घेऊन गाडीने नायगारा गाठतात. त्या वाटेवर थोडी वाकडी वाट केली की हे गाव लागतं. ज्या धबधब्यावरून गावाला नाव पडलं, तो कालव्याच्या कामात १९१५ मध्येच पाण्याखाली गेला, तेव्हा धबधब्यासाठी इथे थांबू नका. चॅपलसाठी थांबा. प्रवेश फुकट आहे. मुलींना सोबत न्या, मुलांनाही न्या, आणि शेजारच्या दगडी भिंतीवर कोरलेली ती शंभर नावं त्यांना मोठ्याने वाचायला लावा.