एपिडर्मोलायसिस बुलोसामधील केसांच्या विकृती

एपिडर्मोलायसिस बुलोसा हा आनुवंशिक त्वचाविकारांचा एक गट असून त्यात किरकोळ घर्षणानेही त्वचेवर फोड येतात. सिम्प्लेक्स, जंक्शनल, डिस्ट्रोफिक व किंडलर असे त्याचे चार मुख्य प्रकार मानले जातात. बाधित बालकांपैकी काहींचे केस विरळ, आखूड किंवा लोकरीसारखे कुरळे असतात. काहींना ते मुळीच नसतात. अशा विकृतींमुळे विकाराचा प्रकार ओळखण्यास मदत होते आणि क्वचित हृदयाला असलेला धोकाही वेळीच ध्यानात येतो.

कारणे

केशपुटक हा बाह्यत्वचेचाच अंतस्त्वचेत शिरलेला खोलगट भाग होय. त्यामुळे त्वचेच्या पेशी व थर एकमेकांना जोडून ठेवणारी प्रथिने सदोष असल्यास केसांवरही परिणाम होतो. टाळूवर वारंवार जखमा होऊन व्रण राहिले, तर तेथील केशपुटके नष्ट होतात व कायमचे टक्कल पडते. काही प्रथिने केशपुटकांच्या कार्यासाठीही आवश्यक असतात. उंदरांवरील प्रयोगांत १७ व्या प्रकारच्या कोलॅजेनाच्या अभावी केशपुटकांतील मूलपेशी टिकत नाहीत आणि केस अकाली पांढरे होऊन गळतात, असे दिसून आले आहे.

प्रकारानुसार लक्षणे

* जंक्शनल : १७ व्या प्रकारच्या कोलॅजेनातील दोषामुळे टाळू, भुवया व पापण्यांचे केस विरळ होतात.
* डिस्ट्रोफिक : तीव्र स्वरूपात टाळूवरील व्रणांबरोबरच कुपोषणानेही केस विरळ होतात.
* प्लाकोफिलिन-१ चा अभाव : १९९७ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या विकारात नाजूक त्वचा, आखूड व विरळ केस, विकृत नखे आणि तळहात-तळपायांची जाड त्वचा आढळते.
* डेस्मोप्लाकिनमधील दोष : केस लोकरीसारखे असतात व हृदयाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात. अत्यंत तीव्र स्वरूपात अर्भकाला जन्मतःच केस नसतात.

ग्रीसमधील नॅक्सोस बेटाच्या नावाने ओळखला जाणारा रोग यांच्याशी निकटचा आहे. १९८६ मध्ये वर्णिलेल्या या रोगात लोकरी केस व हृदयविकार एकत्र आढळतात. फोड हे मात्र त्याचे प्रमुख लक्षण नव्हे.

निदान

त्वचेच्या नमुन्याची तपासणी आणि जनुकीय चाचणी यांवरून निदान निश्चित केले जाते. नाजूक त्वचेच्या बालकाचे केस लोकरी असल्यास हृदयाचा विद्युत आलेख व प्रतिध्वनी तपासणी करणे आवश्यक ठरते. हृदयविकाराची लक्षणे पुढे, वाढत्या वयात प्रकट होण्याची शक्यता असल्याने ही तपासणी वेळोवेळी पुन्हा करावी लागते.

काळजी

व्रणांमुळे नष्ट झालेली केशपुटके पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून टाळूवर इजा होऊ न देणे हाच मुख्य उपाय होय. त्यासाठी रुंद दातांचा कंगवा व मऊ कापडाची टोपी वापरतात. घट्ट वेण्या, टाळूला चिकटणाऱ्या पट्ट्या आणि वस्तऱ्याने जावळ काढणे टाळणे इष्ट असते. पुरेशी प्रथिने, लोह व जस्त यांनी युक्त आहाराकडेही लक्ष दिले जाते. पुढील अपत्याचा विचार करणाऱ्या पालकांना आनुवंशिक समुपदेशन उपयुक्त ठरते.